अपरिचितास दिलेलें वचन

हल्लीं ज्या घरांतील मुलें-सुना संगणकाच्या धंद्यांत आहेत, अशा घरीं 'लायब्ररी' हा शब्द दिवसांतून दहा वेळां कानीं पडतो. आमच्या पिढीच्या मंडळींस लायब्ररी म्हटली कीं पुस्तकांचीं कपाटें, मासिकांचें टेबल आणि 'शांतता राखा' ही भिंतीवरची पाटी एवढेंच आठवतें. मुलांच्या या लायब्ररींत पुस्तक एकही नसतें. मग तींत असतें काय, ती करतो कोण, आणि ती करण्यांत असें कोणतें कौशल्य आहे कीं ज्यासाठीं शिकलींसवरलेलीं माणसें वर्षानुवर्षें झिजतात, हा प्रश्न पुष्कळ वाचकांस पडत असेल. तंत्राचा बारीक तपशील सोडला, तर हा विषय घरांतील प्रत्येकास समजण्याजोगा आहे. किंबहुना त्याच्या मुळाशीं जें तत्त्व आहे, तें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास इतरांहून लौकर कळावें, असें आम्हांस वाटतें. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही त्याच विषयास देत आहों.

संगणकास क्रमवार आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. आतां कोणतीही आज्ञावली घ्या, तींत कांहीं कामें पुनःपुनः येतात. कोठें वर्गमूळ काढावयाचें असतें, कोठें नांवें अकारविल्हे लावावयाचीं असतात, कोठें दोन तारखांमधील दिवस मोजावयाचे असतात. प्रत्येकानें प्रत्येक वेळीं हें सारें नव्यानें लिहावयाचें म्हटलें तर श्रम दुणावतात, आणि दर वेळीं नवी चूक शिरण्याचा संभव असतो तो निराळाच. त्यापेक्षां एकानें तें काम एकदां नीट लिहावें, कसून तपासावें, त्यास नांव द्यावें, आणि बाकीच्यांनीं त्या नांवानें हाक मारून तें करवून घ्यावें, हें शहाणपणाचें. अशा एकेका तुकड्यास फंक्शन म्हणतात, आणि अशा तयार तुकड्यांचा संग्रह म्हणजे लायब्ररी.

संस्कृताच्या अभ्यासकास ही कल्पना मुळींच परकी नाहीं. पाणिनीची अष्टाध्यायी सुमारें चार हजार सूत्रांची आहे. एवढी मोठी भाषा इतक्या थोड्या जागेंत मावली, याचें एक कारण असें कीं, आचार्यांनीं एकदां सांगितलेली गोष्ट शक्यतों दुसऱ्यांदा सांगितली नाहीं. सुमारें दोन हजार धातूंची यादी धातुपाठांत निराळी ठेवली. ज्या शब्दांस एकच कार्य होतें त्यांचे गण केले, ते गणपाठांत ठेवले, आणि सूत्रांत 'सर्वादि' एवढा निर्देश करतांच त्या गणांतील सारे शब्द सेवेस हजर होतात. 'वृद्धि' ही संज्ञा एकदां बांधली कीं पुढें कोठेंही ती आली तरी आ, ऐ, औ हेच तीन स्वर समजावयाचे. मात्र हें सारें चालतें तें एका अटीवर. 'वृद्धि' शब्दाचा अर्थ पहिल्या अध्यायांत एक आणि सातव्यांत दुसरा असतां कामा नये. म्हणजे, संज्ञा बांधणारा पुढच्या प्रत्येक वाचकास एक वचन देत असतो. संगणकाच्या लायब्ररीचें मर्मही हेंच आहे, आणि तेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

यंत्राच्या बाबतींत हा विचार पद्धतशीर अमलांत आला तो इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत. तेथील एड्सॅक नांवाच्या संगणकानें ६ मे १९४९ रोजीं आपलें पहिलें काम करून दाखविलें. मॉरिस विल्क्स हे त्या कार्याचे प्रमुख; डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल हे त्यांचे तरुण सहकारी. त्या काळीं आज्ञा छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवरून यंत्रास देत असत. उपयोगी तुकड्यांच्या फिती कपाटांत जपून ठेवीत आणि ज्याला जी हवी त्यानें तिची नक्कल आपल्या फितींत उतरून घ्यावी, अशी व्यवस्था होती. १९५१ सालीं त्या संग्रहांत असे ८७ तुकडे झाले होते, आणि त्याच वर्षीं या तिघांनीं मिळून आज्ञावली कशी रचावी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षीं व्हीलर यांनीं एका छोट्या निबंधांत मोठी मार्मिक गोष्ट सांगितली. तुकडा रचणें आणि तो तपासणें झाल्यावरही एक काम उरतें. तें म्हणजे, आंतील रचना न जाणणाऱ्या माणसास तो सहज वापरतां यावा असें त्याचें वर्णन लिहिणें. आणि कदाचित् हेंच काम सर्वांत कठीण असेल, असा त्यांचा अभिप्राय होता. हा अभिप्राय सत्तर वर्षांहून अधिक जुना आहे, पण आजही त्यांत एक अक्षर बदलण्याची गरज नाहीं.

त्याच १९५२ सालीं अमेरिकेंत ग्रेस हॉपर या विदुषींनीं 'ए-झीरो' नांवाची एक योजना सिद्ध केली. संग्रहांतील तुकड्यांचे क्रमांक द्यावे आणि यंत्रानेंच ते शोधून, जुळवून, एकत्र बांधून द्यावे, अशी ती योजना होती. यंत्रानें केलेल्या या संकलनामुळें तिला त्यांनीं 'कंपायलर', म्हणजे संकलक, असें नांव दिलें. आज कंपायलर म्हणजे माणसास वाचतां येणारा मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणारें साधन, असा अर्थ रूढ झाला आहे. पण त्या शब्दाचा जन्म लायब्ररीच्या कपाटापाशीं झाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्या भाषांतील मजकूर असा आधीं उतरवून घ्यावा लागतो, त्यांपैकीं 'सी' ही भाषा फार प्रसिद्ध आहे. ती डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली, आणि आजही जगांतील अनेक महत्त्वाच्या लायब्रऱ्या तींतच लिहिलेल्या आहेत.

आमच्या धाकट्या सूनबाई याच सी भाषेंत काम करतात. लायब्ररी करावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, असें आम्हीं त्यांस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "मामंजी, एखादें साधें काम तुम्हीच सांगा, म्हणजे त्यावरूनच दाखवितें."

आम्हीं काम सांगितलें तें असें. पाश्चात्त्य लोक मोठी संख्या लिहितांना तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतात. आपली रीत निराळी: शेवटचे तीन अंक सोडले कीं पुढें दोन-दोनांचे गट, म्हणजे १,२३,४५,६७८, एक कोटि तेवीस लक्ष पंचेचाळीस हजार सहाशें अठ्ठ्याहत्तर. तेव्हां संख्या द्यावी आणि ती आपल्या रीतीनें देवनागरी अंकांत लिहून मिळावी, असें एक फंक्शन कर, म्हणून आम्हीं सांगितलें.

"स्वतःपुरतें करावयाचें तर हें अर्ध्या तासाचें काम आहे," सूनबाई म्हणाल्या. "पण लायब्ररी म्हणून करावयाचें तर आठवडा लागेल. कारण तें कोण वापरील, कोठें वापरील, मला ठाऊक नाहीं."

त्या 'ठाऊक नाहीं' यांतच सारी विद्या आहे. त्यांनीं मग एकामागून एक प्रश्न मांडले, ते आम्ही आमच्या शब्दांत देतों.

पहिला प्रश्न नांवाचा. सी भाषेंत सर्व लायब्रऱ्यांचीं बाहेर दिसणारीं नांवें जणूं एकाच अंगणांत वावरतात. वर्गांत दोन गणपत असले तर मास्तरास आडनांव लावून हाक मारावी लागते. नाहीं तर दोघे उभे राहतात. म्हणून लायब्ररीच्या प्रत्येक नांवामागें तिचें आडनांव लावावयाचें, आणि जीं फंक्शनें केवळ आंतल्या कामाचीं आहेत तीं 'स्टॅटिक' हा शब्द लावून माजघरांतच ठेवावयाचीं, अशी शिस्त आहे. बाहेर दिसणारें प्रत्येक नांव हें एक वचन आहे. म्हणून जितकीं थोडीं नांवें बाहेर तितकें बरें.

दुसरा प्रश्न भांड्याचा. उत्तर लिहावयास संगणकाच्या स्मृतींत जागा लागते. ती कोणीं पुरवावयाची, आणि काम झाल्यावर कोणीं मोकळी करावयाची? फंक्शननें स्वतःपाशीं एक कायमची पाटी ठेवली आणि प्रत्येकास तीच दाखविली, तर काय होईल? एकानें आधीं जमेचा आंकडा मागितला, मग खर्चाचा मागितला, आणि दोन्ही शेजारीं छापावयास गेला, तर दोन्हीकडे खर्चच छापला जाईल. कारण पाटी एकच, आणि दुसऱ्या लेखनानें पहिलें पुसलें गेलें. हा दोष काल्पनिक नव्हे. सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररींत मजकुराचे शब्द तोडणारें 'स्ट्रटॉक' नांवाचें जुनें फंक्शन आहे. तें अर्धवट कामाची खूण स्वतःपाशींच ठेवतें, आणि दोन मजकूर एकाच वेळीं तोडावयास घेतले कीं घोटाळा होतो. पुढें ती खूण मागणाऱ्यापाशीं ठेवणारें दुसरें फंक्शन तयार झालें. पण पहिलें काढून टाकतां आलें नाहीं, कारण त्यावर विसंबलेल्या आज्ञावल्या जगभर पसरल्या होत्या. दिलेलें वचन गैरसोयीचें निघालें तरी परत घेतां येत नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण होय.

तेव्हां भांडें मागणाऱ्यानें द्यावें आणि तें केवढें आहे हेंही सांगावें, असें ठरलें. पण भांडें केवढें पुरेल? चौसष्ट बिटांच्या जागेंत मावणारी सर्वांत मोठी संख्या ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ ही होय. अंक एकोणीस, स्वल्पविराम आठ, एक जागा ऋणचिन्हाची आणि एक समाप्तीच्या खुणेची, मिळून एकोणतीस. आम्हीं कागदावर हीच बेरीज मांडली. सूनबाई हंसल्या आणि म्हणाल्या, "मामंजी, इंग्रजी अंक असते तर बरोबर. पण हल्लींच्या रूढ लेखनपद्धतींत देवनागरी अंक एका बाइटांत मावत नाहीं. प्रत्येकाला तीन लागतात." म्हणजे अंकांचे सत्तावन्न, स्वल्पविरामांचे आठ, चिन्ह व समाप्ति मिळून दोन, एकूण सदुसष्ट बाइट. एकोणतीसांच्या भांड्यांत सदुसष्ट ओतूं गेलें तर उरलेलें शेजारच्या जागेंत सांडतें आणि तेथें दुसऱ्याच कोणाची वस्तु ठेवलेली असते. सी भाषा अशा वेळीं आपण होऊन हात धरीत नाहीं. आज्ञावली कोसळतात त्या बहुधा अशा सांडण्यानें, आणि परक्या माणसास आंत शिरावयास वाट मिळते तीही पुष्कळदां अशाच ठिकाणीं.

तिसरा प्रश्न अडचणीचा. भांडें लहान निघालें तर फंक्शननें काय करावें? सांडूं नये हें तर खरेंच. पण रागावून सारी आज्ञावलीच बंद पाडावी, हेंही योग्य नव्हे. पाहुणा म्हणून आलेल्यानें यजमानाच्या घरास कुलूप घालूं नये. त्यानें 'इतकी जागा लागेल' असें नम्रपणें कळवावें आणि निर्णय यजमानावर सोपवावा.

चौथा प्रश्न टोंकांचा. शून्य दिलें तर? ऋण संख्या दिली तर? ऋण संख्येचें चिन्ह बाजूस काढावें, उरलेली लिहावी, मग चिन्ह लावावें, असें कोणीही म्हणेल. पण चौसष्ट बिटांत ऋण बाजूस धन बाजूपेक्षां एक संख्या अधिक मावते. त्या शेवटच्या ऋण संख्येचें चिन्ह काढलें तर उरलेली संख्या त्या जागेंत मावतच नाहीं! ती एकच संख्या वेगळी सांभाळावी लागते. ज्यानें स्वतःपुरतें लिहिलें, त्याला ती संख्या जन्मांत भेटणार नाहीं. ज्यानें जगासाठीं लिहिलें, त्याला ती केव्हां ना केव्हां भेटेलच.

हें सारें ठरल्यावर मजकूर दोन पत्रकांत विभागतात. एकांत केवळ जाहीरनामा: फंक्शनचें नांव, काय द्यावयाचें, काय मिळेल, मर्यादा कोणत्या. यास 'हेडर' म्हणतात. दुसऱ्यांत प्रत्यक्ष कृति. कंपायलर त्या कृतीचें यंत्रभाषेंत रूपांतर करतो, 'एआर' नांवाचें साधन असे रूपांतरित तुकडे एका गठ्ठ्यांत बांधतें, आणि 'लिंकर', म्हणजे जोडणारा, तो गठ्ठा मागणाऱ्याच्या आज्ञावलीशीं जोडून देतो. मागणारा वाचतो तें केवळ जाहीरनाम्याचें पत्रक. त्यामुळें आंतील कृति उद्यां अधिक वेगवान् केली तरी त्याचें कांहीं अडत नाहीं. स्वयंपाकघरांत चुलीच्या जागीं गॅस आला तरी पानांत वाढलेली आमटी तीच असली म्हणजे झालें.

जोडण्याच्याही दोन रीती आहेत. एकींत लायब्ररीची नक्कल प्रत्येक आज्ञावलींत उतरते. दुसरींत एकच प्रत सर्वांनीं मिळून वापरावयाची. पहिली म्हणजे वेगळ्या चुली, दुसरी म्हणजे एकत्र स्वयंपाक. वेगळ्या चुलींत भांडीं अधिक लागतात, पण एकाचें करपलें तर दुसऱ्याचें बिघडत नाहीं. एकत्र स्वयंपाकांत एका ठिकाणीं दुरुस्ती केली कीं सर्वांचें सुधारतें, आणि एका ठिकाणीं मीठ जास्त पडलें कीं सर्वांची पानें खारट होतात. दोहोंपैकीं कोणती बरी, हें घराघरावर अवलंबून आहे, संगणकांतही तसेंच.

आतां वचन अपुरें लिहिलें म्हणजे काय होतें, तें पाहा. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामधील कुरू येथून युरोपचें आरिआन-५ हें नवें अग्निबाण-यान प्रथमच उडालें आणि सुमारें चाळीस सेकंदांत आकाशांतच नष्ट झालें. त्याजबरोबर 'क्लस्टर' मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. चौकशींत कारण निघालें तें असें. यानाची दिशा व वेग सांगणाऱ्या यंत्रांतील आज्ञावली 'एडा' या कंपायलरनें उतरविण्याच्या भाषेंत लिहिलेली होती आणि ती आधींच्या आरिआन-४ मधून तशीच घेतली होती. तींत आडव्या वेगाशीं निगडित अशी एक मोठी संख्या सोळा बिटांच्या लहान जागेंत भरली जात असे. त्या जागेंत ३२,७६७ च्या वर मावत नाहीं. जुन्या यानाचा मार्ग असा होता कीं ती मर्यादा कधीं ओलांडली जात नसे. म्हणून तेथें मुद्दाम पहारा ठेवला नव्हता. नवें यान आरंभींच अधिक आडव्या वेगानें जाणारें. मर्यादा ओलांडली गेली आणि यंत्र बंद पडलें. राखीव यंत्र होतें, पण त्यांतही तीच आज्ञावली, म्हणून तेंही त्याच कारणानें बंद पडलें. आणखी खेदाची गोष्ट ही कीं, आज्ञावलीच्या ज्या भागांत हें घडलें, त्याची नव्या यानास उड्डाणानंतर मुळीं गरजच नव्हती.

येथें जुनें लेखन चुकीचें होतें असें म्हणतां येत नाहीं. आपल्या घरीं तें निर्दोष चाललें होतें. पण 'वेग अमुक मर्यादेच्या आंत असेल तरच' ही अट नव्या वापराच्या वेळीं कोणापुढें आली नाहीं. वस्तु नव्या घरीं गेली, तिची अट मागें राहिली. व्हीलर ज्या वर्णनास सर्वांत कठीण म्हणत होते, त्याचें मोल अशा वेळीं कळतें.

उलट, अट स्पष्ट लिहिलेली असूनही लोक ती पाळीत नाहींत, तेव्हां काय करावें? याचेंही एक उदाहरण आहे. सी भाषेंत स्मृतींतील मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागीं उतरविणारें 'मेमसीपीवाय' नांवाचें फंक्शन आहे. दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असूं नयेत, ही त्याची अट प्रमाणग्रंथांत लिहिलेली आहे. तरी कित्येकांनीं ती मोडली, आणि आंतील कृति ज्या क्रमानें चाले त्यामुळें त्यांचें निभावून गेलें. २०१० सालीं लिनक्सवरील 'जीलिबसी' या लायब्ररीच्या चालकांनीं वेगासाठीं कांहीं प्रोसेसरांपुरता उतरविण्याचा क्रम बदलला. त्याबरोबर कांहीं संगणकांवर फ्लॅश नांवाच्या त्या वेळच्या लोकप्रिय आज्ञावलींतून येणारा आवाज खरखरूं लागला. चालक म्हणाले, अट तुम्हीं मोडली. वापरणारे म्हणाले, काल चालत होतें तें आज तुम्हीं बंद केलें. दोघांचेंही खरें! अखेर तोड निघाली ती अशी कीं, जुन्या आज्ञावलींस जुन्या वागणुकीचें फंक्शन मिळावें आणि नव्यानें बांधल्या जाणाऱ्यांस नवें. घरांत नवी सून आली म्हणून आजोबांच्या चहाची वेळ बदलूं नये. नव्या माणसांची नवी वेळ ठेवावी, दोन वेळां आधण ठेवावें लागलें तरी चालेल. हा समजूतदारपणा कोणत्याही व्याकरणांत लिहिलेला नसतो.

येथवर वचन देण्याचा आणि लिहिण्याचा विचार झाला. पण तें पाळण्याचा भार कोणावर असतो, हा प्रश्न आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. मजकूर दाबून लहान करणारी 'एक्सझेड' नांवाची एक सी भाषेंतील लायब्ररी आहे. जगांतील असंख्य संगणक ती वापरतात. ती सांभाळणारे गृहस्थ वर्षानुवर्षें बहुतेक एकटे होते. त्याबद्दल त्यांना वेतन नव्हतें. २०२२ सालीं त्यांनीं उघडपणें लिहिलें होतें कीं, हें बिनपगारी छंदाचें काम आहे आणि आपली शक्ति कमी पडत आहे. त्यावर कांहीं मंडळींनीं त्यांसच तगादा लावला. त्या काळांत एक मदतनीस पुढें आला. त्यानें दोन-अडीच वर्षें गोडीगुलाबीनें काम करून विश्वास मिळविला आणि चावी हातीं घेतली. तो कोण, हें आजही उघड झालेलें नाहीं. नांव खोटें होतें असेंच मानलें जातें. २०२४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्तींत त्यानें दुरून संगणकांत शिरावयास एक चोरवाट लपवून ठेवली. २९ मार्च २०२४ रोजीं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें ती उघडकीस आणली, तीही कशावरून? दुरून संगणकांत प्रवेश करावयास नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या एका गोष्टीचा त्यानें छडा लावला म्हणून. ती आवृत्ति सर्वत्र पसरण्यापूर्वींच परत घेतां आली. जगाच्या कुलुपांची सुरक्षितता एका थकलेल्या माणसावर आणि दुसऱ्या एका चौकस माणसाच्या अर्ध्या सेकंदावर टांगलेली होती!

हें ऐकून सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे वर्षअखेर हिशेब होतो, त्यांत नवें काय केलें तें विचारतात. जुनें काय सांभाळलें, तें कोणी विचारीत नाहीं." त्यांनीं केलेली एक छोटी लायब्ररी त्यांच्या कचेरींतील कित्येक आज्ञावली वापरतात, तिची देखभाल त्या रात्रीं, मुलें निजल्यावर, करीत असतात. आमच्या मनांत आलें, हें तर आपल्या घरांतलेंच जुनें गाऱ्हाणें आहे. सणाचें पक्वान्न करणारीचें कौतुक पंगतींत होतें. वर्षभर कोठीतील धान्याला ऊन दाखविणारीचें नांव कोणी घेत नाहीं. पण किडा लागला म्हणजे पहिला प्रश्न तिलाच!

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. २००० सालीं रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनीं 'एस्क्यूलाइट' नांवाची, माहिती नीट जतन करणारी लायब्ररी सी भाषेंत लिहिली आणि ती सर्वांस मुक्त करून दिली. तिजवर कोणाचाही स्वामित्वाचा हक्क ठेवला नाहीं. आज बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्यें ती आहे. वाचकांचे व्हॉट्सॲपवरील निरोप त्यांच्या फोनमध्यें तिच्याच साह्यानें सांठविले जातात. तिचे चालक मोजके आहेत. पण २०५० सालापर्यंत आपण ती सांभाळूं, असा संकल्प त्यांनीं जाहीर केला आहे, आणि तिच्या पोषणासाठीं कांहीं मोठ्या कंपन्या वर्गणी देतात. वचन देणाऱ्यानें मुदत सांगितली आणि उपभोग घेणाऱ्यांनीं पोसण्याची सोय केली, तर गोष्ट टिकते.

आमच्या तरुण वाचकांस, मुलगे व मुली दोघांसही, आम्ही मास्तरकीच्या संवयीनें चार गोष्टी सांगूं. एकच काम तीन वेळां निरनिराळ्या ठिकाणीं करावें लागलें, तरच त्याची लायब्ररी करावी; एकदांच लागणाऱ्या कामाची करूं नये. कृति लिहिण्यापूर्वीं वर्णन लिहावें. तें साध्या शब्दांत जमलें नाहीं, तर कल्पनाच अजून कच्ची आहे असें समजावें. तयार झाल्यावर केवळ तें वर्णन एखाद्या सोबत्याच्या हातीं द्यावें आणि तो वापरीत असतां आपण शेजारीं मुकाट्यानें बसावें. तो जेथें अडेल तेथें आपलें वाक्य अपुरें आहे. आणि कितीही लहान संग्रह असो, त्याच्या किल्ल्या ठाऊक असलेला, आपण पारखून घेतलेला दुसरा माणूस असूं द्यावा.

वडील मंडळींसही एक सांगणें आहे. मुलगा किंवा सून कामावरून आली म्हणजे आपण पगाराची, बढतीची, परदेशाची चौकशी करतों. त्याबरोबर एकदां हेंही विचारावें कीं, 'आज तूं कोणाचें लिहिलेलें वापरलेंस, आणि तुझें लिहिलेलें कोण वापरतो?' प्रश्न समजला नाहीं तरी चालेल. उत्तर देतांना त्यांचा चेहरा उजळतो, हें आम्हीं पाहिलें आहे. ज्यांची ओळख नाहीं आणि पुढें होणारही नाहीं, अशांसाठीं नीट काम करून ठेवणाऱ्यांची कदर निदान त्यांच्या स्वतःच्या घरीं तरी व्हावी.